स्थळपाहणी केली

दूधविनायक, वाराणसी
२१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री अमावस्या

चि. देवश्री,

भोपाळचा पत्ता तुझ्या मामेभावाने, निमिषने दिला. त्याच्यावर चिडू नकोस, मी दोनदा मागितला तेव्हा दिला. फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर माझ्याच्याने बोलणं होणार नाही. म्हणून लिहितो आहे.

श्रीराम निषाद गेला. जमुनह्याच्या तळ्यात, तालात, सिंघाडे लावायचा तो, गंगाचा नवरा. तुझी आई शाळेच्या मुलींना घेऊन तिथे पक्षी मोजायला जायची तेव्हा तू त्याच्या डोंगीत बसायचीस आणि उतरायला तयार नसायचीस. सात तारखेला गेला. मला काल दूधवाल्याकडून कळलं.

आज सकाळी रामघाटावर तुझ्या आईचं तर्पण केलं. पाणी उतरलंय, पण पायऱ्यांवर गाळ आहे, त्यामुळे सगळ्यांना वरच्या दोन पायऱ्यांवर दाटीवाटीने बसावं लागलं. गुरुजींनी विचारलं, "आणखी कोणाच्या नावानं?" मी श्रीरामचं नाव सांगितलं. गोत्र माहीत नव्हतं. ते म्हणाले, काश्यप म्हणा, चालतं.

ऑगस्टमध्ये गंगेचं पाणी वरुणेत उलटं शिरलं. तसं ते पुष्कळदा शिरतं. पूर्वी जमुनह्यापर्यंत आलं की तालात पसरायचं, काही दिवस बसायचं आणि हळूहळू जिरायचं. आता तालाच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागावर भर घालून कॉलनी झाली आहे, हे तुला माहीत आहेच. भर उंच आहे. पाणी तिथून वळलं आणि पूर्वेच्या निषाद वस्तीत गेलं. एकोणीस दिवस घरांत होतं. हातपंप बुडाले. पाणी उतरल्यावर लोक त्याच पंपांचं प्यायले, दुसरं नव्हतं. कावीळ पसरली. श्रीराम सहा दिवस इस्पितळात होता.

तू म्हणशील, हे मला का सांगता. सांगावंसं वाटलं, इतकंच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाच दिलं होतं. वरून आदेश आला होता की एकाच जमिनीवर दोन-दोन, तीन-तीन बंधनं असतील तर जास्तीची काढून टाका. एक्केचाळीस जागांची यादी होती. जमुनहा त्यातली एक. माझ्या जागी नकाशा विभागातल्या कोणीही तेच लिहिलं असतं.

मी बरा आहे. दोन वेळा जेवतो. दिवस जातात.

बाबा


९ ऑक्टोबर २०२५

चि. देवश्री,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

परवा जमुनह्याला जाऊन आलो. आई गेल्यापासून पहिल्यांदा. ऑटोवाल्याने कॉलनीच्या कमानीपाशी सोडलं, तिथून पुढे चालत गेलो. गंगाच्या घराच्या भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ आहे. ती बाहेर खाटेवर बसून कुणाचं तरी जाळं दुरुस्त करत होती. मला पाहून उठली.

"मास्टरनीजी के साहब हैं न?"

मी हो म्हणालो. तिने खाट झटकून दिली आणि म्हणाली, "पानी नहीं पूछूँगी. यहाँ का मत पीजिए."

मी बराच वेळ बसलो. श्रीरामबद्दल ती फार बोलली नाही. तालाबद्दल बोलली. "पहिले बाढ़ आती थी तो मछरी लाती थी. कुआँ भर जाता था, जेठ तक चलता था. भैंस के लिए घास. सिंघाड़ा. अब की आई तो खाली गंदा लाई." या वर्षी सिंघाड्याची वेल लावलेलीच नाही. पूर्वेकडचं जे तळं उरलंय त्यात कॉलनीचं सांडपाणी येतं. पूर्वी पश्चिमेच्या कडेला बोरू आणि पाणवनस्पती होत्या, त्यांतून पाणी गाळून यायचं. हे तुझी आई सांगायची. मी ते तेव्हा ऐकत नसे, पण लक्षात राहिलेलं दिसतंय.

मग तिने विचारलं, "आप तो नकसा वाले दफ़्तर में थे. किसने लिखा होगा कि ई ताल नहीं है?"

मी म्हणालो, "पता नहीं."

परत येताना दफ्तरात गेलो. माझ्या खुर्चीवर आता सुशांत श्रीवास्तव बसतो. त्याला तू पाहिलं आहेस, दिवाळीला सोनपापडीचा डबा घेऊन यायचा तो. मी त्याला जमुनह्याची फाईल मागितली. त्याने दिली, दारही लोटून घेतलं.

तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, पण मी पहिल्यांदाच सगळे कागद ओळीने वाचले. तालाला तीन बंधनं होती. आमच्या विकास आराखड्यातला हरित पट्टा: बांधकाम नाही. वरुणेच्या काठाने वनखात्याचा पट्टा: झाडतोड आणि माती उचलणं नाही. आणि महसुलात ‘ताल’ अशी नोंद: ती जमीन कोणाला देता येत नाही.

एप्रिल २०२२ च्या टिप्पणीत मी लिहिलं, की वनखात्याचा पट्टा आणि ताल ही नोंद पुरेशी आहे, सबब हरित पट्टा अनावश्यक. डिसेंबरात वनखात्याने लिहिलं, की आराखडा विभागाच्या टिप्पणीच्या धर्तीवर, ताल ही नोंद पुरेशी असल्याने आमचा पट्टा कमी करण्यास हरकत नाही. पुढच्या मे महिन्यात जमिनीची मोजणी झाली. मे महिन्यात पश्चिमेकडे पाणी नसतं. महसुलाच्या लेखपालाने ‘परती’ लिहिलं, पडीक, आणि शेरा मारला की अन्य कोणत्याही विभागाचं या जमिनीवर बंधन नाही.

तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवून आपला हात काढून घेतला. पहिला मी.

वाचून झाल्यावर मी फाईल परत दिली. सुशांतने चहा मागवला. आम्ही त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो.

बाबा


३० ऑक्टोबर २०२५

चि. देवश्री,

सुशांतने काल बोलावून घेतलं. बाढीनंतर तिघांची समिती बसली आहे, हे मला माहीत नव्हतं. पूर्वेचा अर्धा ताल आता ‘वापरात नसलेला’ ठरवून तिथे बांध-रस्ता आणि आणखी प्लॉट करायचे की नाही, हे ती ठरवणार. हरकती मागवल्या आहेत. सुशांत म्हणाला, "सर, एक आपत्ति आपके घर से है."

चौदा पानं, तीन नकाशे. खाली तुझं नाव.

त्याने मला तिथेच बसून वाचू दिलं. तू तीन बंधनांचे तीन नकाशे वेगवेगळ्या ट्रेसिंगवर काढले आहेस आणि एकमेकांवर ठेवले आहेस. मग लिहिलं आहेस की ताल चार कामं करतो. बाढीचं पाणी घेतो, विहिरींना पाणी देतो, घाण गाळतो आणि वस्तीला खायला देतो. कुठलंही एक बंधन या चारांना पुरत नाही. बांधकाम थांबलं तरी माती उचलता येते. माती थांबली तरी नोंद बदलून जमीन देता येते. नोंद राहिली तरी काठावरची झाडं जातात. जिथे तिन्ही रेघा एकमेकांवर येतात तिथेच ताल आजवर टिकला, आणि आम्ही नेमक्या त्याच जागांना चूक समजलो. मी छत्तीस वर्षं नकाशे काढले. मला हे कोणी असं दाखवलं नव्हतं. किंवा आईने दाखवलं असेल.

परिशिष्ट एक म्हणून माझी टिप्पणी जोडली आहेस. त्यातली पहिली ओळ, ‘दि. ११ एप्रिल २०२२ रोजी स्थळपाहणी केली’, ती तशीच छापली आहेस. चौदा पानांत त्या ओळीबद्दल एक शब्दही नाही. मी दोनदा शोधला.

मागच्या दोन पत्रांत मी हे लिहिलं नाही, आता लिहितो. अकरा एप्रिल, रामनवमीचा दुसरा दिवस, आईचा वाढदिवस. तिला जाऊन दीड महिना झाला होता. तू पुरी आणि श्रीखंड केलं होतंस. दोघांनीही खाल्लं नाही. शिपाई फाईल घेऊन आला तेव्हा दार तूच उघडलंस. मी दिवाणावर होतो, उठलोही नाही. पाटावर फाईल ठेवून लिहिलं आणि सही केली. त्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही.

पुढच्या मार्चमध्ये तू तो कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलीस आणि विचारलंस, "बाबा, त्या दिवशी तुम्ही तिथे गेला होतात?"

मी म्हणालो, "हो, सकाळी जाऊन आलो."

तू म्हणालीस, "बाबा, मी घरात होते."

मी म्हणालो, "तुझ्या लक्षात नसेल."

 तिसऱ्या दिवशी तू घर सोडून गेलीस.

नातेवाइकांना मी सांगतो की कामाच्या कागदावरून मतभेद झाले. तू काय सांगतेस मला माहीत नाही. पण या हरकतीत ती एक गोष्ट लिहिली असतीस तर तुझी बाजू सगळ्यांत भक्कम झाली असती, आणि ती तू लिहिली नाहीस. का, ते मला कळलं. कळल्यावर काही वाटायला हवं होतं. मी फक्त पानं पुन्हा नीट लावून ठेवली.

सुशांत म्हणाला, "सर, आप तो रिटायर हो गए. अब इसमें मत पड़िए. पुरानी फाइल खुलेगी तो सबकी खुलेगी."

मी म्हणालो, बघतो.

बाबा


१८ नोव्हेंबर २०२५

चि. देवश्री,

आज समितीपुढे जबाब दिला. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

मी लेखी नेलं होतं. अर्धं पान. ‘सदर टिप्पणी मी जागेवर न जाता घरी बसून लिहिली. स्थळपाहणीची नोंद खोटी आहे.’ अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत, साठ-पासष्टच्या बाई. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "आप गए ही नहीं थे?"

"नहीं."

"फिर लॉगबुक में आपकी जीप कैसे है?"

तेव्हा मला कळलं की लॉगबुकमध्ये त्या दिवशी दफ्तरची जीप जमुनह्याला गेल्याची नोंद आहे, माझ्या नावाने. ड्रायव्हर रत्नाकर आता हयात नाही. महिनाअखेरीला तो फायली बघून लॉगबुक पुरं करायचा. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी तसं सांगितलं. आमच्या विभागाचे वकील उठले आणि म्हणाले, हे गृहस्थ हरकत घेणाऱ्या बाईंचे वडील आहेत. मुलीसाठी आज जबाब फिरवत आहेत.

बाई म्हणाल्या की वकिलांचं म्हणणं टाकता येत नाही. सरकारी नोंद एका बाजूला आणि निवृत्त माणसाचा शब्द दुसऱ्या बाजूला. मी गेलो नव्हतो हे ठरलं तर टिप्पणी रद्द होईल, आणि तिच्यावर उभे असलेले बाकीचे दोन्ही कागद पुन्हा तपासावे लागतील. नाहीतर सगळं आहे तसं राहील. त्यांनी विचारलं, "घर में उस दिन और कौन था?"

मी म्हणालो, "मेरी बेटी. और शिपाई."

शिपाई म्हणजे बाळू, आठवत असेल तुला. तो अजून नोकरीत आहे. बाई म्हणाल्या, दोघांनाही बोलावू. तुला नोटीस येईल. दहा डिसेंबरची तारीख आहे.

बाळू दफ्तराविरुद्ध बोलेल की नाही, सांगता येत नाही. त्याच्यावर मी जोर करणार नाही. तू ये. आलीस तर जे झालं ते सांग. मी काय बोललो, शेवटी तुला काय म्हणालो, तेही विचारलं तर सांग. मला वाचवू नकोस. तू अडीच वर्षं वाचवलंस, तेवढं पुरे.

एक गोष्ट राहिली. बाईंनी ती विचारली नाही, त्यामुळे जबाबात नाही. जमुनहा म्हणजे कोणतं तळं हे सही करताना माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं मी तुला त्या मार्चमध्ये म्हणालो होतो. यादीत नुसते जमिनींचे गाटा नंबर होते, असंही म्हणालो. ते खोटं आहे. गावाचं नाव होतं. मी वाचलं. आईच्या तेवीस हिवाळ्यांच्या वह्या समोरच्याच कपाटात होत्या, पक्ष्यांच्या मोजणीच्या. इस्पितळातही ती विचारत होती की यंदा मोजणीला कोण जाणार. मला ते तळं नको झालं होतं. कुणी त्याचं नाव काढू नये, कागदावरही असू नये. राग होता असं म्हणता येत नाही. राग असता तर निदान तुला सांगता आला असता. आत काही नव्हतंच. लिहिलं, सही केली, तू आणलेला चहा प्यायलो.

वरून आदेश होता, पण एक्केचाळीस जागांपैकी सोळा जागांवर मी ‘बंधन कायम ठेवावे’ असंही लिहिलं आहे. तेव्हा कोणी मला विचारलं नाही, का म्हणून. इथेही लिहू शकलो असतो.

बाबा


२२ डिसेंबर २०२५

चि. देवश्री,

निकाल लागला. तुझ्या वकिलांनी कळवलं असेलच, तरी लिहितो.

दहा तारखेला मी शेवटच्या बाकावर होतो. तू आलेली पाहिली. केस कापले आहेस. तुझ्याआधी बाळूला बोलावलं. तो हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब घर पर थे. हम ही फाइल ले गए थे." वकिलांनी विचारलं, साडेतीन वर्षांनी तारीख कशी आठवते. तो म्हणाला, "दीदी ने पूड़ी दी थी. बोली, आज माँ का जन्मदिन है." मला हे माहीत नव्हतं. त्याला तू पुरी दिलीस ते मी दिवाणावरून पाहिलं नसेल.

तुला बाईंनी विचारलं, "यह बात आपने अपनी आपत्ति में क्यों नहीं लिखी?"

तू म्हणालीस, "वो मेरे पिता हैं. मैं चाहती थी कि वो ख़ुद लिखें."

मी समजत होतो की तू मला झाकलंस. तसं नव्हतं, तू वाट पाहत होतीस. हे घरी येऊन जेवायला बसल्यावर लक्षात आलं. ताट तसंच सरकवून ठेवलं.

बाहेर व्हरांड्यात तू समोर आलीस तेव्हा मला वाटलं तशीच पुढे जाशील. तू थांबलीस आणि म्हणालीस, "तुम्ही वाळलात." मी म्हणालो, "वयानं." तू म्हणालीस, "अस्सी घाटावर मैत्रिणीकडे उतरलेय, उद्या गाडी आहे." मी बरं म्हणालो. घरी चल म्हणायला हवं होतं. शब्द तयार होते. तोवर तू जिन्यावर होतीस.

आता निकाल. माझी टिप्पणी रद्द. पूर्वेच्या अर्ध्या तालावर हरित पट्टा पुन्हा आला, वनखात्याचा पट्टा पुन्हा आला, आणि नोंद ‘ताल’ अशी दुरुस्त होणार. शिवाय ग्रामसभेने सावन-भादोंत मासेमारी बंद आणि कडेने पन्नास हात नांगर नाही, असा ठराव केला आहे, तोही जोडून घेतला. बाईंनी एक वाक्य घातलं आहे ते मी उतरवून आणलं: ‘यांपैकी कोणतेही एक बंधन अस्तित्वात असणे हे दुसरे काढून टाकण्याचे कारण समजले जाणार नाही.’ हे तुझ्या बाराव्या पानावरचं आहे, थोडं बदललेलं. कॉलनीचं सांडपाणी सहा महिन्यांत दुसरीकडे वळवायचं आहे.

पश्चिमेचा भाग गेला. तिथे एकशे दहा घरं आहेत, लोक राहतात. तो परत येणार नाही.

माझ्यावर खात्याची चौकशी लागली आहे. सुशांतवरही, कारण लॉगबुकवर त्याच्या सह्या आहेत. तो आता फोन उचलत नाही. वीणा म्हणून त्याची बायको आहे, तिने एकदा उचलला आणि म्हणाली, "अंकल, आपको चैन मिल गया न?" 

निकालानंतर गंगाकडे गेलो. तिला सगळ्या वस्तीसारखं एवढंच माहीत होतं की ताल वाचला. मी तिला म्हणालो, ऑक्टोबरमध्ये तू विचारलं होतंस कोणी लिहिलं. मी लिहिलं होतं.

ती सुपात तांदूळ पाखडत होती. थांबली नाही. तांदूळ संपेपर्यंत पाखडलं. मग विचारलं, "मास्टरनीजी जानती थीं?"

"नहीं. वो जा चुकी थीं."

"अच्छा हुआ."

सूप खाली ठेवून ती म्हणाली, "साहब, आपने बोल दिया, ठीक किया. लेकिन अब इधर मत आइएगा. हमसे देखा नहीं जाएगा."

मी उठलो. तिच्या दारापासून रस्त्यापर्यंत चिखल आहे, तिथे फळ्या टाकलेल्या आहेत. एका फळीवरून पाय घसरला तेव्हा मागून तिचाच आवाज आला, "सँभल के." मी वळलो नाही.

तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस, तरी ती वाचतेस हे आता मला माहीत आहे. जबाबात तू जे शब्द वापरलेस, त्यांतले काही माझ्या तिसऱ्या पत्रातले होते.

बाबा


१२ जानेवारी २०२६

चि. देवश्री,

तुझं कार्ड मिळालं. ‘मोजणी ११ तारखेला. मी येऊ शकत नाही. कालिंदीताई मुलींना घेऊन जातील. आईच्या वह्या त्यांना द्या.’ एवढंच होतं, तरी तीनदा वाचलं.

वह्या दिल्या. कालिंदी तुझ्या आईची विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिने वह्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि म्हणाली, "काका, तुम्हीपण चला." मी सांगितलं की पूर्वेकडे मला येता येत नाही. का, ते तिने विचारलं नाही.

पण काल घरी बसवेना. ऑटो करून कॉलनीच्या बाजूने गेलो. रस्ते सरळ आहेत, दोन्हीकडे घरं, काही अजून विटांचीच. शेवटच्या घरांच्या मागे भर संपते आणि खाली पाणी सुरू होतं. तिथून पलीकडच्या काठावर मुली दिसत होत्या, निळे स्वेटर घातलेल्या. कालिंदी हात वर करून काहीतरी दाखवत होती. पाण्यावर बदकं होती. किती, ते मला मोजता येत नाही. दोन सारसही होते, ते एवढे मोठे की चुकायचं कारण नाही.

मी कुठे उभा आहे हे कळायला थोडा वेळ लागला. पूर्वी इथे चिलबिलाची तीन झाडं होती आणि पुढे उथळ पाणी. तुझी आई इथून मोजणी सुरू करायची, कारण सकाळी ऊन पाठीवर येतं असं म्हणायची, आणि मी दरवेळी तिला सांगायचो की ऊन समोरून येतंय, तुझी दिशा चुकली. नकाशे मी काढायचो ना. ती म्हणायची, बरं, आणि तिथेच उभी राहायची.

मागच्या घराच्या गच्चीवर एक माणूस कपडे वाळत घालत होता. त्याने वरून विचारलं, "किसको ढूँढ़ रहे हैं, चाचा?"

मी म्हणालो, "किसी को नहीं. मेरी पत्नी यहाँ खड़ी होकर चिड़िया गिनती थी."

"यहाँ?" तो म्हणाला, आणि त्याने खाली रस्त्याकडे पाहिलं. डांबर, एक स्कूटर, गटाराचं झाकण. मग माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच कडेच्या विटांवर बसलो होतो. तो खाली आला, माझ्याशेजारी पाण्याची बाटली ठेवून परत गेला.

मी रडलो, देवश्री. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदा. बराच वेळ रडलो. पलीकडच्या मुली मोजणी संपवून निघून गेल्या तरी मी तिथेच होतो.

तुला कळवावंसं वाटलं.

बाबा